आत मास्क, बाहेर बॅग: ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि युवा विभागाचे स्वयंसेवक यांस,



आपल्या युवा विभागांच्या सहलींचं रूप बदलतं आहे. बोलिंग झालं, ट्रॅम्पोलिन पार्क झालं, गो-कार्टिंग झालं, आणि आता मुलं एअरसॉफ्ट, म्हणजे छर्रे मारणाऱ्या बंदुकांचा खेळ, मागतात. जीसीएसईचा शेवटचा पेपर दिला की चार मित्र मिळून रविवारचं बुकिंग करतात, मग त्यांतला एखादा मंडळाच्या ग्रुपवर विचारतो, ‘आपली दिवाळीनंतरची सहल तिथेच काढू या का?’ मी या मागणीच्या बाजूची आहे. माझा मुलगा हा खेळ खेळतो आणि मी एका साइटवर मार्शलचं, म्हणजे खेळावर देखरेखीचं, काम करते. दिवसभर फोन बाजूला ठेवून पावसात, चिखलात, झाडाझुडपांतून धावणारी मुलं मला आवडतात. छर्रा लागल्यावर कुणी पाहिलेलं नसतानाही हात वर करून ‘हिट’ म्हणणारा मुलगा तर फारच आवडतो, कारण हा सगळा खेळ त्या प्रामाणिकपणावर चालतो.

तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण आपले बरेच आईवडील एअरसॉफ्टची बंदूक खेळण्यांच्या खात्यात जमा करतात. आपण जत्रेतून आणलेली प्लास्टिकची छर्‍याची बंदूक डोक्यात असते: स्प्रिंग ओढायची, पिवळा छर्रा चार हात लांब पडायचा. एअरसॉफ्टचा छर्राही प्लास्टिकचाच असतो, सहा मिलिमीटर व्यासाचा आणि नेहमीच्या वापरात 0.20 ग्रॅम वजनाचा. साम्य इथे संपतं. खासगी बंदूक बाळगणं जवळपास अशक्य असलेल्या जपानमध्ये हा खेळ वाढला. 1991 साली तोक्यो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी, आपोआप छर्रे सोडणारी बंदूक बाजारात आणली आणि त्याचं रूपच बदललं. आज आपल्या साइटवर मुलाच्या हातात येते ती बहुधा याच वंशातली. तिच्यातून सुटलेला छर्रा सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने जातो.

मांडीवर बसला तर लाल वळ उठतो, दोन दिवसांत जातो. जॅकेटवर तर कळतही नाही. म्हणूनच मुलांना वाटतं की यात काही विशेष नाही. डोळ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

क्रिकेटचा चेंडू चेहऱ्यावर आला तर पुष्कळदा भुवईचं आणि गालाचं हाड तो अडवतं. डोळ्याची खोबण त्यासाठीच आहे, आणि चेंडू तिच्यापेक्षा मोठा असतो. सहा मिलिमीटरच्या छर्‍याला हाड आडवं येत नाही. तो सरळ बुबुळावर आदळतो. पापणी मिटायची प्रतिक्रियाही त्या वेगापुढे उशिराच येते. मग पारदर्शक पटलावर ओरखडा येतो किंवा आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून बाहुलीच्या पुढच्या पोकळीत रक्त साचतं. भिंग गढूळ होऊन ऐन तारुण्यात मोतीबिंदू होऊ शकतो, पडदा सुटू शकतो. शिवाय डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याची जी वाट असते तिला इजा झाली, तर काचबिंदू कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. मूल तोवर हा प्रसंग विसरूनही गेलेलं असतं.

म्हणून नियमांतला पहिला नियम असा की खेळाच्या हद्दीत डोळ्यांवरचं कवच क्षणभरही काढायचं नाही. खेळ थांबला असला तरी नाही, आपण बाद झालो असलो तरी नाही. हद्द म्हणजे सेफ झोनभोवतीची जाळी. जाळीच्या आतल्या बाकांवर, चहाच्या टेबलापाशी चेहरा उघडा चालतो. जंगलात पाऊल टाकलं की नाही.

कवच कुठलं, हेही पाहायला हवं. युरोपियन मानक ईएन 166 मध्ये गॉगलच्या काचेवर 0.86 ग्रॅम वजनाची सहा मिलिमीटरची पोलादी गोळी मारून चाचणी घेतात. ‘एफ’ खूण असलेली काच सेकंदाला 45 मीटर वेगाची गोळी सोसते, ‘बी’ खूण असलेली 120 मीटरची. ऊर्जेत मांडलं तर एफ म्हणजे जेमतेम 0.87 ज्यूल आणि बी म्हणजे सहा ज्यूलच्या वर. पुष्कळ साइटवर ऑटोमॅटिक बंदुकीला 0.20 ग्रॅमच्या छर्‍यासाठी सेकंदाला 350 फूट अशी मर्यादा असते, म्हणजे सुमारे 1.14 ज्यूल. एफची काच इथेच मागे पडते. कानावर काड्या अडकवायच्या चष्म्याला, तो कितीही जाड असो, या मानकात एफच्या वर खूण मिळतच नाही. बी मिळतो तो चेहऱ्याला चारी बाजूंनी बसणाऱ्या गॉगलला. तेव्हा डीआयवायच्या दुकानातून आणलेला सुतारकामाचा चष्मा घालून मुलाला पाठवू नका. नंबरचा चष्मा असलेली मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. नंबराचा चष्मा हे संरक्षण नव्हे. त्यावरून बसेल असा पूर्ण चेहऱ्याचा मास्क घ्यायचा आणि तो घरी अर्धा तास घालून पाहायचा. अठरा वर्षांखालच्यांना बहुतेक साइट पूर्ण चेहरा झाकायलाच लावतात, आणि ते योग्यच आहे. पुढचा दात तुटला तर तो परत येत नाही.

हे सगळं साइटवाले सांगतात. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये तीनतीनदा सांगतात आणि मुलंही माना डोलावतात. तरी मास्क निघतो. का निघतो ते मी जवळून पाहिलं आहे, आणि ते सांगावं यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

नोव्हेंबरमधलं जंगल आहे. हवा गार आणि ओलसर. मुलगा टेकाड चढून धावत येतो आणि पडलेल्या ओंडक्यामागे आडवा होतो. अंगात तीन थर, चेहरा तापलेला. हनुवटीपासून नाकापर्यंत त्याने लोकरी स्नूड ओढून घेतला आहे, कारण आईने थंडीचं म्हणून तो दिला आहे. त्या कापडामुळे गरम श्वास खाली जात नाही, वर चढतो, गॉगलच्या थंड काचेला लागतो आणि काच दुधी होते. त्याला समोरचं झाड दिसत नाही. समोरून छर्रे येताहेत हे आवाजावरून कळतं. मग त्याचा अंगठा मास्कच्या खालच्या कडेत जातो. तो मास्क काढत नाही, फक्त दोन बोटं वर उचलतो, काच पुसण्यापुरता. जेवढी फट पडते, छर्‍याला तेवढी पुरते.

हा मुलगा बेफिकीर नाही. त्याला दिसत नव्हतं, एवढंच. त्याला नियम आणखी दहा वेळा ऐकवून उपयोग नाही. काच धुरकटणार नाही याची सोय आधी करायला हवी. दुहेरी काचेचा मास्क घ्यावा. बारीक पंखा बसवलेले मास्क मिळतात, तो खर्च नव्या बंदुकीच्या आधी करावा. धुकं न धरणारं द्रावण सकाळी घरूनच लावावं. स्नूडऐवजी तोंडापुढे जाळी वापरावी म्हणजे श्वास पुढे निघून जातो. कपड्यांचा एक थर कमी करावा, धावलं की ऊब येतेच. आणि इतकं करूनही काच धुरकटली, तर काय करायचं ते मुलाकडून घरीच एकदा करून घ्यावं: डोळे मिटायचे, एक हात वर करायचा, दुसरा तळवा मास्कवर दाबून धरायचा आणि मोठ्याने ‘मार्शल’ अशी हाक मारायची. आम्ही येतो, खांद्याला धरून सेफ झोनपर्यंत नेतो. त्यात कमीपणा काही नाही. अनुभवी खेळाडू हेच करतात. ओरडायला लाजणारी मुलं मात्र काच पुसायला जातात, आणि आपल्या घरांतली पुष्कळ मुलं अनोळखी लोकांत आवाज चढवायला लाजतात. म्हणून म्हणते, हाक मारण्याचा सराव घरी करून घ्या.

आता प्रेक्षकांबद्दल. मे ते सप्टेंबर या दिवसांत भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. नातू खेळतो ते बघायला हौसेने येतात, सोबत थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चिवडा. आणि बाबा फोटोसाठी चांगला कोन शोधत जाळीच्या बाहेर दोन पावलं जातात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता नुसता कॅमेरा दिसला तरी मी त्या दिशेला चालू लागते. छर्रा पन्नास मीटर सहज जातो आणि झाडाच्या खोडावर आपटून भलत्याच दिशेला वळतो. जो खेळत नाही त्यालाही तोच मास्क लागतो. साइटवाल्यांकडे भाड्याचे मास्क असतात; फोटो काढायचे तर मागून घ्या. नाहीतर जाळीच्या आत बसा, तिथूनही नातू दिसतो.

क्रोनोचं टेबल मात्र प्रत्येक पालकाने एकदा जवळून बघावं. खेळ सुरू होण्याआधी स्वतःची बंदूक आणणाऱ्या प्रत्येकाला क्रोनो नावाच्या छोट्या यंत्रातून छर्रे सोडून वेग दाखवावा लागतो. यंत्रावर आकडा येतो, मर्यादेत असेल तर बंदुकीला त्या दिवसाची खूण बांधली जाते. यात एक खोच आहे. छर्रा जड केला की वेगाचा आकडा खाली येतो, ऊर्जा मात्र तेवढीच राहते, गॅसच्या काही बंदुकांत तर वाढते. म्हणून ‘किती फूट’ एवढं विचारून भागत नाही, ‘कुठल्या वजनाच्या छर्‍यावर’ हेही विचारावं लागतं, आणि सरळ ज्यूलमध्ये मोजणारी साइट मला जास्त विश्वासाची वाटते. ब्रिटनच्या कायद्यात 2017 पासून आकडे स्पष्ट आहेत: ऑटोमॅटिकला कमाल 1.3 ज्यूल, एकेक छर्रा सोडणाऱ्या बंदुकीला 2.5 ज्यूल. त्याच्या वर गेलेली बंदूक कायद्याच्या लेखी एअरसॉफ्ट राहत नाही. स्नायपर रायफल घेणाऱ्यांना साइट जवळून मारू देत नाही, किमान अंतर ठरवून देते. ज्या साइटवर क्रोनोचं टेबलच नाही, किंवा आहे पण पावसामुळे आज राहू द्या म्हणतात, तिथे मंडळाची मुलं उतरवू नका. पैसे बुडाले तर बुडू देत.

इथवर साइटच्या आतलं झालं. बाहेर नियम उलटा होतो: तिथे चेहरा उघडा आणि बंदूक झाकलेली.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलाला नकली बंदूक विकणं आणि त्याने ती विकत घेणं, दोन्ही 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे तुमच्या घरात ती आली असेल तर ती तुम्ही आणली आहे, तुमच्या कार्डावर. हुबेहूब दिसणारी बंदूक घ्यायची तर नियमित खेळाडू असल्याचा पुरावा लागतो. त्यामुळे पालक बहुधा दोनरंगी आणतात, निम्मीअधिक भडक निळी, हिरवी, नारिंगी. मुलांना ती आवडत नाही, मित्र हसतात. मग एका दुपारी गॅरेजमध्ये काळ्या रंगाचा स्प्रे निघतो. आईबाबांना वाटतं, मुलगा हस्तकला करतो आहे. कायद्याच्या नजरेत मात्र भडक बंदूक रंगवून खऱ्यासारखी करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. गॅरेजमध्ये स्प्रेचा डबा दिसला तर विचारा.

त्याहून मोठी काळजी रस्त्यावरची. 1968 च्या फायरआर्म्स कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय नकली बंदूकही सार्वजनिक जागी बाळगता येत नाही. इथला साधा पोलीस बंदूक घेऊन फिरत नाही, पण कुणी फोन करून ‘बंदूक दिसली’ म्हटलं की सशस्त्र पथक येतं, आणि ते ती खरी आहे असं धरूनच येतं. त्यांनी तसंच धरायला हवं. अमेरिकेत क्लीव्हलँडला 22 नोव्हेंबर 2014 रोजी तमीर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्टची पिस्तूल घेऊन खेळत होता. तिच्या तोंडावरची नारिंगी खूण निघालेली होती. फोन करणाऱ्याने ती बहुधा नकली असावी असंही सांगितलं होतं. ते शब्द गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचले नाहीत. गाडी थांबल्यापासून सुमारे दोन सेकंदांत गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला. तो काळा होता, आणि त्या घटनेची चर्चा त्याच्या रंगाला वगळून होऊच शकत नाही. आपली मुलंही गोरी नाहीत. त्यांना भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्या पालकांनी हे नाव माहीत करून घ्यावं म्हणून लिहिते आहे.

म्हणून बंदूक घरातून निघते ती बंद बॅगेत, मॅगझिन काढून, बॅटरी सोडवून, आणि गाडीच्या डिकीत. वाटेत पेट्रोल भरायला थांबलं तरी डिकी उघडून मित्राला दाखवायची नाही. बागेत टिन लावून नेमबाजी नाही, शेजाऱ्याच्या वरच्या खिडकीतून फक्त बंदूकधारी पोरगा दिसतो. खेळून झाल्यावर सेफ झोनमध्ये शिरण्याआधी मॅगझिन काढायचं, जमिनीकडे नेम धरून एकदा रिकामा चाप ओढायचा, कारण मॅगझिन निघाल्यावरही एखादा छर्रा नळीत राहतो. मग नळीवर कापडी टोपी चढवायची. ही सवय लागली की घरी येईपर्यंत काही उरत नाही.

मंडळांना खास आपल्या सणांची आठवण करून द्यायची आहे. खंडेनवमीला मुलाने हौसेने आपली एअरसॉफ्टची रायफल शस्त्रपूजेत ठेवली, तर त्यात वावगं काही नाही. हळदकुंकू लागू दे, झेंडूचं फूल राहू दे. पण पूजा रस्त्यावरच्या मोठ्या खिडकीत मांडू नका आणि तिथला फोटो सार्वजनिक टाकू नका. कारगिलवरचं नाटुकलं बसवताना कुणी तरी म्हणतंच, ‘माझ्याकडे खरी दिसणारी आहे.’ ती नको. आपले कार्यक्रम शाळांच्या सभागृहांत असतात, मुलं वेषभूषा करून पार्किंगमध्ये पळत असतात, आणि पलीकडच्या घरातल्या माणसाला हे नाटक आहे हे ठाऊक नसतं. पुठ्ठ्याची बंदूक करा, रंगमंचावर तीही छान दिसते. आणि भारतात सुट्टीला जाताना चुलतभावाला दाखवायला म्हणून ती सामानात घालू देऊ नका. विमानाच्या केबिनमध्ये खेळण्यातली बंदूकसुद्धा चालत नाही.

बॅटरीबद्दल थोडं. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगली असेल तर ती वापरू नका, चार्जिंगला लावून झोपू नका, आणि चार्जर तिच्यासाठीचाच असू द्या. पायात घोटा धरणारे बूट, पूर्ण पँट. जंगलात गोचीड असते आणि तिच्यामुळे लाइम आजार होतो, तेव्हा रात्री आंघोळीनंतर गुडघ्यामागे, काखेत बघा. दम्याचा पंप खिशात, घरी नव्हे. धुराचे डबे फोडतात तेव्हा तो लागतो. खेळात टाकलेला, न फुटलेला फटाका उचलायचा नाही.

आणि इतकं करूनही डोळ्याला लागलंच तर: चोळू नका, दाबू नका, बर्फ टेकवू नका. गुलाबपाणी, काजळ, घरातले जुने थेंब, काहीही घालू नका. कागदी पेला डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा पालथा धरा आणि चिकटपट्टीने बसवा, म्हणजे डोळ्याला स्पर्श होणार नाही. मुलाला बसतं ठेवा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि त्याच दिवशी इस्पितळात जा, ‘सकाळी बघू’ नको. लंडनमध्ये असाल तर सिटी रोडवरच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयात आपत्कालीन विभाग आहे. इतरत्र जवळच्या कुठल्या ए अँड ईमध्ये डोळ्यांचे डॉक्टर भेटतील ते आधी शोधून ठेवा. संध्याकाळपर्यंत दुखणं थांबलं आणि दिसू लागलं तरी तपासणी चुकवू नका. पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, आणि दुसऱ्यांदा झालेला पहिल्यापेक्षा वाईट असतो. पुढेही डोळ्यातला दाब दरवर्षी मोजून घ्यावा लागतो.

मंडळांकडे माझं मागणं फार नाही. सहल ठरवताना विमा असलेली, मार्शल असलेली साइट घ्या. कुणाच्या ओळखीच्या शेतावर, ऑनलाइन मागवलेल्या बंदुका वाटून खेळ मांडू नका. तिथे क्रोनो नसतो, जाळी नसते आणि ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कुणालाच नसतो. साइटला फोन करून मास्कच्या काचांवर कुठली खूण आहे आणि काच धुरकटली तर ते काय करतात, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर देणारा गोंधळला तर पुढची साइट बघा. पालकांच्या संमतिपत्रात चष्मा, दमा आणि आधी डोळ्यावर झालेली शस्त्रक्रिया यांची नोंद घ्या. मोठ्यांपैकी दोघांनी खेळायचं नाही, मास्क घालून नुसतं मुलांबरोबर राहायचं.

यंदाच्या दिवाळीनंतरच्या सहलीचं बुकिंग करण्याआधी युवा विभागाची एखादी बैठक लावा आणि मला बोलवा. मी क्रोनो, दुधी होणारी काच आणि तीन-चार प्रकारचे मास्क घेऊन येईन. मुलांनी ते तिथेच घालून बघावेत, सभागृहात दहा मिनिटं पळावं आणि कुणाची काच किती वेळात धुरकटते ते पाहावं. भाड्याचे कुठले आणि स्वतःचे कुठले घ्यायचे, ते त्यावरून ठरवता येईल.



आपली,
एका खेळाडूची आई आणि रविवारची मार्शल